अनुभवी प्रोग्रॅमरांना वर्कफ्लो-आधारित सॉफ्टवेअर शिकवताना

काही सॉफ्टवेअर अशा कामांसाठी असते, जी सेकंदांत संपत नाहीत. एकेक प्रकरण दिवस, आठवडे, कधी महिने चालते, त्यात माणसे आणि संगणक आळीपाळीने आपापला वाटा उचलतात, आणि प्रकरण आत्ता नेमके कोणाकडे अडले आहे हे कधीही सांगता यावे लागते. विम्याचा दावा, कर्जप्रकरण, बांधकाम परवानगी, माहिती अधिकाराचा अर्ज ही त्याची नेहमीची रूपे आहेत. अशा प्रकल्पांवर कंपन्या बहुधा सात-आठ वर्षे जावा किंवा डॉटनेटवर काम केलेले प्रोग्रॅमर नेमतात आणि त्यांना एखाद्या वर्कफ्लो इंजिनाचे (म्हणजे टप्प्याटप्प्यांच्या अशा प्रक्रिया, अर्थात वर्कफ्लो, चालवणाऱ्या तयार सॉफ्टवेअरचे) दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण देऊन कामाला लावतात. त्या दिवसांत इंजिनाच्या सोयींची ओळख होते, परंतु या लोकांना ज्याची खरी गरज असते ते त्यात येत नाही. ज्यांच्याकडे अशा प्रशिक्षणाची आखणी सोपवली जाते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

अनुभवी प्रोग्रॅमरला भाषा, डेटाबेस, चाचण्या, तैनाती हे सगळे येत असते, आणि ते पुन्हा शिकवण्यात वेळ घालवू नये. त्याची अडचण वेगळी असते. त्याने आजवर लिहिलेल्या बहुतेक कोडमध्ये विनंती येते, तिचे उत्तर जाते आणि सर्व्हर ती विसरतो. जे लक्षात ठेवायचे ते टेबलातल्या ‘स्टेटस’ नावाच्या कॉलममध्ये ठेवले जाते आणि पुढच्या वेळी त्या स्टेटसवर इफ-एल्सची शिडी चढून काय करायचे ते ठरवले जाते. वर्कफ्लोमध्ये मात्र प्रकरणाचे बहुतेक आयुष्य कोणाची तरी वाट पाहण्यात जाते. कोणाची वाट पाहायची, किती काळ पाहायची, वाट पाहता पाहता दुसरे काही घडले तर काय करायचे आणि मुदत संपली तर काय करायचे, हे चार प्रश्न सोडवणे हेच या सॉफ्टवेअरचे मुख्य काम आहे. म्हणून प्रशिक्षणाचा सगळा भर या वाट पाहण्यावर ठेवावा आणि इंजिन उशिरा आणावे, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरण कोणते घ्यावे

बहुतेक प्रशिक्षणांत कर्मचाऱ्याच्या रजेचा अर्ज घेतला जातो. कर्मचारी अर्ज करतो, साहेब हो किंवा नाही म्हणतात, प्रकरण संपते. त्यात मुदत नाही, समांतर चालणारे काही नाही, परत उघडणारे काही नाही. अनुभवी प्रोग्रॅमर हे काम स्टेटस कॉलम वापरून अर्ध्या तासात करून दाखवतो आणि इंजिनाची गरज काय, असे विचारतो. त्या उदाहरणापुरता त्याचा प्रश्न रास्त आहे. उदाहरणच इतके सोपे असेल तर शिकणाऱ्याला वर्कफ्लोची अडचण दिसणार कशी?

माझी शिफारस माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ची आहे. अधिनियमाचा मजकूर सर्वांना उपलब्ध आहे, मराठीतही मिळतो, आणि त्यातील प्रत्येक मुदत कलमात लिहिलेली आहे. त्यामुळे वाद झाला तर ‘मला असे वाटते’ या भाषेत तो चालत नाही. कलम उघडून वाचावे लागते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गटात स्वतः अर्ज केलेला किंवा घरात कोणी केलेला पाहिलेला एखादा तरी निघतो, आणि त्याच्या बोलण्याने चर्चा जमिनीवर राहते.

या अधिनियमात काय काय भरले आहे ते पाहावे. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत जन माहिती अधिकाऱ्याने माहिती द्यायची किंवा कारणे देऊन नाकारायची. माहिती एखाद्या व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ही मुदत ४८ तासांची. अर्ज सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिला असेल तर आणखी ५ दिवस मिळतात. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर ५ दिवसांच्या आत अर्ज, किंवा त्याचा तेवढाच भाग, तिकडे हस्तांतरित करायचा. माहिती त्रयस्थ पक्षाची आणि त्याने गोपनीय मानलेली असेल तर ५ दिवसांत त्याला नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १० दिवस त्याला म्हणणे मांडू द्यायचे, आणि अर्ज मिळाल्यापासून ४० दिवसांत निर्णय घ्यायचा. निर्णयावर ३० दिवसांत पहिले अपील, पुढे ९० दिवसांत आयोगाकडे दुसरे अपील. चार-पाच कलमांत इतके सगळे आहे, आणि प्रत्येक वाक्य एखाद्या टायमरला, एखाद्या समांतर शाखेला किंवा एखाद्या निर्णयाला हात घालते.

सुरुवात संगणकाविना

पहिल्या सत्रांत संगणक बंद ठेवावेत. कलम ५, ६, ७, ११ आणि १९ यांच्या छापील प्रती द्याव्यात आणि प्रत्येक जोडीला वाट पाहण्याचा तक्ता तयार करायला सांगावे. कोण वाट पाहते, कशाची, किती काळ, आणि ती गोष्ट घडलीच नाही तर काय, एवढे चार रकाने पुरतात. चौथ्या रकान्यावर जोर द्यावा, कारण प्रोग्रॅमर तोच मोकळा सोडतो किंवा त्यात ‘एरर’ असे लिहितो.

त्या रकान्यातूनच पहिला मोठा धडा मिळतो. कलम ७(२) नुसार मुदतीत निर्णय दिला नाही तर अर्ज नाकारला असे मानले जाते. म्हणजे मुदत संपणे हा येथे एक निर्णय आहे आणि त्यातून अर्जदाराला अपिलाचा अधिकार मिळतो. टाइमआउट म्हणजे काहीतरी बिघडले, लॉगमध्ये नोंद करून पुन्हा प्रयत्न करावा, या सवयीत वाढलेल्या माणसाला हे स्वीकारायला वेळ लागतो. तो वेळ द्यावा. हीच गोष्ट कर्जप्रकरणातही आहे, विम्यातही आहे. कोणीच काही न करणे हादेखील प्रक्रियेतला एक मार्ग असतो आणि तो आखावा लागतो.

त्यानंतर त्यांना त्यांच्याच पद्धतीने, म्हणजे एका स्टेटस कॉलमवर, ही प्रक्रिया बसवून दाखवायला सांगावे. अडवू नये. बहुतेक जण ‘प्राप्त’, ‘प्रलंबित’, ‘माहिती दिली’, ‘नाकारला’, ‘अपिलात’ अशी यादी करतात. मग एक प्रसंग द्यावा. अर्जाचे दोन मुद्दे होते. एक मुद्दा दुसऱ्या प्राधिकरणाकडे हस्तांतरित झाला आहे, उरलेल्या मुद्द्यावर ३० दिवस उलटूनही उत्तर गेलेले नाही, ३१व्या दिवशी अर्जदाराने पहिले अपील दाखल केले आहे, आणि त्याच दुपारी अधिकाऱ्याने माहिती तयार करून पाठवायला घेतली आहे. कलम ७(६) प्रमाणे मुदत उलटल्यावर ही माहिती विनामूल्य द्यावी लागते, त्यामुळे शुल्काची शाखा बंद करायची आहे. आता स्टेटस काय? एकच शब्द पुरत नाही. कोणी ‘अंशतः हस्तांतरित, मुदतबाह्य, अपील प्रलंबित’ असे लांबलचक नाव काढतो, मग त्याच्या सगळ्या जोड्या मोजू लागतो आणि थांबतो. प्रकरण एका वेळी अनेक ठिकाणी असू शकते हे त्या क्षणी त्याला स्वतःलाच दिसते. टोकनची, म्हणजे प्रकरण आत्ता कुठे आहे ते दाखवणाऱ्या खुणेची, कल्पना आणायला याहून योग्य वेळ नाही. कार्ल अ‍ॅडम पेट्री यांनी १९६२ मधील आपल्या प्रबंधात मांडलेल्या जाळ्यांमध्ये टोकन एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकतात आणि एका वेळी अनेक जागांवर असू शकतात. आजच्या वर्कफ्लो इंजिनांची विचारपद्धती मोठ्या प्रमाणात तेथून आलेली आहे. सिद्धांत यापेक्षा जास्त सांगण्याची गरज नाही.

थांबणारे घड्याळ

संपूर्ण प्रशिक्षणात एकाच गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ द्यायचा असेल तर तो कलम ७(३) वर द्यावा. माहितीसाठी अतिरिक्त शुल्क लागणार असेल तर अधिकारी अर्जदाराला रकमेचे पत्र पाठवतो, आणि पत्र पाठवल्यापासून शुल्क भरेपर्यंतचा काळ ३० दिवसांतून वगळला जातो. समजा, अर्ज १ जूनला मिळाला. साधी मुदत १ जुलै. शुल्काचे पत्र ११ जूनला गेले आणि अर्जदाराने २५ जूनला पैसे भरले. मधले १४ दिवस वगळायचे, म्हणजे मुदत १५ जुलै झाली.

हे चालू करून दाखवा असे सांगितले की पहिला प्रयत्न जवळजवळ ठरलेला असतो. कामाला ३० दिवसांचा टायमर जोडला जातो आणि तो १ जुलैला वाजतो, म्हणजे कायद्याने हातात १४ दिवस असताना अर्ज नाकारल्याची नोंद होते आणि अर्जदाराला अपील करण्याची चुकीची सूचना जाते. बीपीएमएन या प्रक्रियेच्या आकृत्या काढण्याच्या प्रमाणित चिन्हपद्धतीतल्या टायमरला ‘जरा थांब’ असे सांगण्याची सोय नाही. तो सुरू होतो, आणि वाजतो किंवा रद्द होतो. मग गटासमोर दोन मार्ग राहतात. पत्र जाताच मूळ टायमर असलेला टप्पा बंद करायचा, वापरलेले दिवस नोंदवायचे आणि शुल्क आल्यावर उरलेल्या दिवसांचा नवा टायमर लावायचा, हा एक. दुसरा मार्ग असा की मुदत इंजिनाच्या बाहेर, घडलेल्या घटनांच्या तारखांवरून एका साध्या फंक्शनने काढायची, आणि प्रत्येक नव्या घटनेनंतर टायमरची तारीख त्या फंक्शनच्या उत्तराप्रमाणे बदलायची.

दोन्ही चालतात. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. सहायक अधिकाऱ्यामुळे वाढणारे ५ दिवस, त्रयस्थ पक्षामुळे होणारे ४० दिवस, शुल्कामुळे वगळलेला काळ हे सगळे नियम त्या एका फंक्शनमध्ये शेजारी शेजारी बसतात आणि इंजिन चालू न करता त्यांची चाचणी घेता येते. आकृतीत मग मुदत पाळण्याची एकच खूण उरते आणि कार्यालयातल्या माणसाला ती वाचता येते. तरीही दोन्ही मार्ग करून पाहू द्यावेत, कारण पहिल्यात काय गुंतागुंत होते ते स्वतः भोगल्याशिवाय दुसऱ्याचे मोल कळत नाही.

याच कलमात एक प्रश्न दडलेला आहे. अर्जदाराने शुल्क भरलेच नाही तर? त्या कलमात पैसे भरण्याची अखेरची तारीख दिलेली नाही. म्हणजे प्रकरण अनिश्चित काळ उघडे राहू शकते. येथे प्रोग्रॅमर सवयीने म्हणतो, ‘मी ६० दिवस धरतो.’ हे होऊ देऊ नये. असा प्रश्न लिहून ठेवायचा, कायदा जाणणाऱ्याकडे किंवा कार्यालयाकडे न्यायचा आणि उत्तर येईपर्यंत आकृतीत ती जागा उघडी ठेवायची. हस्तांतरित अर्जाची मुदत नव्या कार्यालयात कोणत्या दिवसापासून मोजायची, शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर काय, ‘पत्र पाठवले’ म्हणजे पडद्यावर बटण दाबले तो दिवस की जावक नोंदवहीत क्रमांक पडला तो दिवस, हे प्रश्नही त्याच यादीत जातात. अशी यादी किती नेमकी झाली यावरून शिकणाऱ्याची प्रगती मला चाचणीतल्या गुणांपेक्षा चांगली कळते.

तारखांच्याच संदर्भात एक बारीक गोष्ट. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल तर भारतातली मध्यरात्र त्याच्या लेखी आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा असतात. दिवसांत मोजायची मुदत तासांत रूपांतरित करून ठेवली की ती भलत्याच वेळी संपते. उलट ४८ तासांची मुदत खरोखरच तासांत मोजावी लागते. एकाच फंक्शनमध्ये ही दोन मोजमापे वेगळी ठेवायला लावावीत.

आकृती काढणे

यानंतर बीपीएमएन शिकवावे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची २.० ही आवृत्ती पुढे २०१३ मध्ये आयएसओ १९५१० म्हणून स्वीकारली गेली, आणि बहुतेक इंजिने तिचेच कमीअधिक भाग चालवतात. त्यातली चिन्हे पुष्कळ आहेत. ती सगळी शिकवू नयेत. आरंभ, शेवट, माणसाचे काम, यंत्राचे काम, एकच मार्ग निवडणारा गेटवे (वाटा फुटण्याची किंवा जुळण्याची खूण), समांतर गेटवे, घटनेवर ठरणारा गेटवे, संदेश आणि कामाच्या कडेला बसणारा टायमर एवढ्यांत वरची सगळी प्रक्रिया काढता येते.

कडेच्या टायमरचे दोन प्रकार मात्र नीट समजावून द्यावेत. एक प्रकार वाजला की काम रद्द होते, दुसरा वाजला तरी काम चालू राहते आणि बाजूला नवी शाखा फुटते. तिसावा दिवस उलटल्यावर अधिकाऱ्याच्या यादीतून अर्ज नाहीसा व्हायला हवा का? नाही. माहिती देण्याची जबाबदारी संपत नाही, फक्त अर्जदाराला अपिलाची वाट मोकळी होते. म्हणून येथे काम न थांबवणारा टायमर हवा. गेटवेंपैकी घटनेवर ठरणाऱ्या गेटवेला प्रोग्रॅमर सर्वांत उशिरा सरावतो. निर्णय आपला कोड घेत नाही, बाहेर जे आधी घडेल ते घेते, ही कल्पना त्याला उलटी वाटते.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. आकृतीची गोडी लागलेला प्रोग्रॅमर प्रत्येक इफ आकृतीत काढू लागतो, आणि दोन दिवसांत ती भिंतभर पसरते. मी एकच कसोटी लावायला सांगतो. कार्यालयातल्या माणसाला जो टप्पा नावाने माहीत आहे आणि जिथे प्रकरण थांबू शकते तो आकृतीत. बाकीची गणिते कोडमध्ये. दर पानाला २ रुपये याप्रमाणे शुल्क काढणे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ करणे हे आकृतीत आणण्याचे कारण नाही.

स्वतःचे छोटे इंजिन

आता कोड. तयार इंजिन देण्याआधी प्रत्येक जोडीकडून एक अगदी छोटे इंजिन लिहून घ्यावे. तीन टेबले पुरतात: प्रकरण, त्याची टोकने, आणि ठरलेल्या वेळी करायची कामे. एक धागा (थ्रेड, म्हणजे मागे सतत चालणारा कोड) दर काही सेकंदांनी तिसऱ्या टेबलात डोकावतो आणि वेळ झालेले काम उचलतो. अनुभवी माणसाला हे लिहायला फार तर दोन दिवस लागतात, आणि त्यानंतर कोणत्याही इंजिनाचे दस्तऐवज त्याला ओळखीचे वाटतात.

ते चालू झाले की मधेच सर्व्हर मारून टाकावा, ‘किल -९’ ही प्रोग्रॅम तत्काळ बंद पाडणारी आज्ञा वापरून, कोणतीही पूर्वसूचना न देता. पत्र पाठवून झाले होते पण टोकन पुढे सरकल्याची नोंद व्हायची होती, नेमक्या त्या जागी. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर पत्र दुसऱ्यांदा जाते. काम किमान एकदा होईल याची हमी देता येते, नेमके एकदाच होईल याची हमी बाहेरच्या जगापर्यंत नेता येत नाही, हे वाक्य वाचून कोणी शिकत नाही. एकाच अर्जदाराच्या नावे निघालेली दोन पत्रे समोर ठेवली की शिकतो. मग प्रत्येक बाह्य कामाला ओळखक्रमांक देणे आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर ते काम न करणे ही शिस्त आपोआप येते.

या पायावर खरे इंजिन द्यावे. अ‍ॅक्टिव्हिटी हे इंजिन २०१० मध्ये आले, त्यातून २०१३ मध्ये कॅमुंडा आणि २०१६ मध्ये फ्लोएबल वेगळे झाले. त्यामुळे या घराण्यातले एक शिकले की इतरांत वावरता येते. त्यांच्या मूळ रचनेत प्रक्रिया थांबण्याच्या एका जागेपासून पुढच्या जागेपर्यंतचा प्रवास एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे डेटाबेसमधले बदल सगळे होतील किंवा एकही होणार नाही अशा पद्धतीने, करते. मधल्या पाचव्या पायरीवर अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे कोड अडकवणारी चूक) आला तर डेटाबेस आधीच्या थांब्यापर्यंत मागे येतो, पण तिसऱ्या पायरीवर गेलेला ईमेल परत येत नाही. ट्रान्झॅक्शनची सीमा कुठे तोडायची हे ठरवायला शिकवणे हा इथला मुख्य धडा आहे. कॅमुंडा ७ मध्ये पार्श्वभूमीत चालणारे काम अयशस्वी झाले तर मूळ मांडणीत ते एकूण तीनदा करून पाहिले जाते आणि उचललेल्या कामावर पाच मिनिटांचे कुलूप असते. काम पाच मिनिटांहून लांबले तर दुसरा सर्व्हर तेच काम उचलू शकतो. सहा मिनिटे झोपणारे काम लिहून हे घडवून दाखवावे.

दुसरे घराणे टेम्पोरलसारख्या साधनांचे. तिथे आकृती नसते. प्रक्रिया नेहमीच्या कोडमध्ये लिहिली जाते, घडलेली प्रत्येक गोष्ट इतिहासात नोंदली जाते, आणि सर्व्हर बंद पडला तर तो इतिहास पुन्हा चालवून कोड त्याच जागी आणला जातो. यासाठी कोड प्रत्येक वेळी तसाच चालला पाहिजे. त्यात थेट घड्याळ वाचणे, यादृच्छिक संख्या घेणे, नेटवर्कवर जाणे चालत नाही. ती कामे बाहेर काढावी लागतात. प्रोग्रॅमरांना हे घराणे पहिल्या भेटीत जवळचे वाटते, आणि सेवांमधली यांत्रिक साखळी सांभाळायला ते खरोखर चांगले आहे. पण जिथे कार्यालयातल्या अधिकाऱ्याशी बसून प्रक्रिया ठरवायची आहे, तिथे आकृती हाताशी असणे मोठ्या उपयोगाचे असते, म्हणून आमच्या उदाहरणासाठी मी पहिले घराणे निवडीन.

प्रक्रियेच्या चलांत (प्रकरणासोबत इंजिन जपून ठेवते त्या माहितीत) काय ठेवावे याबद्दल थोडक्यात: अर्जाचा क्रमांक, निवडलेला मार्ग आणि मुदत, बस. पूर्ण अर्ज ऑब्जेक्ट म्हणून त्यात भरला की तीन महिन्यांनी त्या क्लासमध्ये एक बदल होतो आणि जुनी प्रकरणे उघडेनाशी होतात.

माणसांची कामे

प्रोग्रॅमर या भागाला एक फॉर्म आणि एक बटण समजतो, आणि येथेच बहुतेक प्रकल्प वापरणाऱ्यांच्या मनातून उतरतात. काम व्यक्तीला नव्हे तर पदाला द्यावे हे पहिले. शासकीय कार्यालयात बदली होते, अधिकारी रजेवर जातो, एका पदाचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याकडे असतो. व्यक्तीच्या नावे अडकलेली कामे बदलीनंतर कोणालाच दिसत नाहीत, आणि घड्याळ मात्र चालूच असते. मुदत चुकली तर कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये शास्ती त्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः बसू शकते, हे शिकणाऱ्यांना जरूर सांगावे; यादीचा क्रम मुदतीनुसार का असावा हे मग समजावावे लागत नाही.

शक्य असल्यास अशा कार्यालयात आवक-जावक सांभाळलेल्या किंवा जन माहिती अधिकारी म्हणून काम केलेल्या एखाद्या निवृत्त व्यक्तीला अर्ध्या दिवसासाठी बोलवावे आणि शिकणाऱ्यांनी फक्त प्रश्न विचारावेत. काम कसे चालते असे विचारण्याऐवजी मागचे एखादे अवघड प्रकरण तारखेनिशी सांगायला सांगावे. पहिल्या प्रश्नाला नियमावली ऐकायला मिळते, दुसऱ्याला प्रत्यक्ष प्रक्रिया. टिपलेली माहिती त्या दिवशीच आकृतीत उतरवून पाहुण्यासमोर ठेवावी आणि तिथेच दुरुस्त करावी.

चालू प्रकरणांमध्ये बदल

नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी आवृत्ती चढवली की जुनी संपते. वर्कफ्लोमध्ये जुन्या आवृत्तीवर सुरू झालेली प्रकरणे मधल्या टप्प्यांवर उभी असतात. याची जाणीव करून देण्यासाठी प्रशिक्षणाच्या मध्यावर, प्रत्येक जोडीच्या यंत्रणेत वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबलेली शंभरएक प्रकरणे असताना, एक बदल जाहीर करावा. उदाहरणार्थ, शुल्काचे पत्र जाण्याआधी आता वरिष्ठांची मान्यता लागेल. ज्यांची पत्रे आधीच गेली आहेत त्यांचे काय, ज्यांचे पत्र तयार आहे पण गेलेले नाही त्यांचे काय, आणि मान्यतेत गेलेले दिवस ३० मध्ये धरायचे की नाही? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कलमातच आहे. वगळला जातो तो पत्र पाठवल्यानंतरचा काळ. कार्यालयाने आपली अंतर्गत मान्यता वाढवली म्हणून अर्जदाराची मुदत लांबत नाही. जुनी प्रकरणे जुन्याच आवृत्तीवर संपू द्यायची की नव्यावर न्यायची, हा निर्णय टप्प्यागणिक लेखी घ्यायला लावावा, आणि स्थलांतर आधी डेटाबेसच्या प्रतीवर करून पाहायला लावावे.

चाचण्यांसाठी घड्याळ हातात असायला हवे. बहुतेक इंजिनांत वेळ पुढे ढकलून चाचणी घेण्याची सोय असते. ३० दिवस खरोखर थांबण्याची गरज पडत नाही. नेहमीच्या मार्गांबरोबर शर्यतींच्या चाचण्या लिहून घ्याव्यात: शुल्क आणि टायमर एकाच क्षणी आले, दोन लिपिकांनी एकच काम एकाच वेळी उचलले, अपील दाखल होत असतानाच माहितीचे पत्र निघाले. अशा वेळी इंजिन दोघांपैकी एकाला नकार देते. तो नकार वापरणाऱ्याला समजेल अशा मराठीत पडद्यावर दिसतो का, हेही तपासावे.

मूल्यमापन आणि पुढचे काही महिने

शेवटी नवे काही बांधायला देऊ नये. बिघडलेली यंत्रणा द्यावी. तीत काही प्रकरणे अडकलेली असावीत, एका पत्राच्या दोन प्रती गेलेल्या असाव्यात, एका अर्जाची मुदत चुकीची मोजलेली असावी, आणि इतिहासाच्या नोंदी वाचून प्रत्येक प्रकरण कुठे व का अडले ते शिकणाऱ्याने शोधून काढावे, चालू प्रकरणांना धक्का न लावता दुरुस्त करावे आणि अर्जदाराला काय कळवायचे ते दोन ओळींत लिहावे. तयार झालेला माणूस आधी इतिहास उघडतो. ज्याची तयारी अपुरी आहे तो थेट डेटाबेसमध्ये जाऊन टोकनची जागा बदलतो. टोकन हलते, पण मागे टायमर तसाच राहतो आणि काही दिवसांनी वाजतो. अशाला आणखी एक आठवडा द्यावा, प्रकल्पावर पाठवू नये.

हे सगळे पूर्णवेळ तीन आठवड्यांत बसते. व्यवस्थापन तीन दिवसांचाच आग्रह धरत असेल तर कलमांचा तक्ता, थांबणारे घड्याळ आणि सर्व्हर मारण्याचा प्रयोग हे तीन भाग ठेवावेत, बाकीचे वगळावे. प्रशिक्षणानंतरचा पहिला प्रकल्प लहान पण खऱ्या मुदती असलेला निवडावा, आणि तो सुरू झाल्यावर पहिले काही महिने दर महिन्याला इतिहासाच्या नोंदींवरून कोणत्या टप्प्यावर प्रकरणे सर्वाधिक काळ थांबली ते काढून, त्या टप्प्यावर काम करणाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन गटाने आकृतीची फेरतपासणी करावी.